अकरा वाजताचे तापमान

दर वर्षी शिमगा उलटला की रोह्याजवळच्या एका गावातून माझ्या पेणच्या घरी कडव्या वालांची पिशवी येत असे. कंपनीच्या बसचा ड्रायव्हर ती रामवाडीच्या थांब्यावर माझ्या हाती देई आणि म्हणे, “साहेब, भावानं पाठवलाय.” पाठवणारा माझा भाऊ नव्हता, जुना सहकारी होता. अकरा वर्षांपूर्वी कारखान्यात त्याचा उजवा हात भाजला, तेव्हा मीच त्याला धरून तीन जिने खाली आणले होते आणि दवाखान्यात नेले होते. त्या दिवसाची जाण ठेवून तो वाल पाठवी. हात माझ्या कसुरीमुळे भाजला होता आणि ठपका मात्र त्याच्यावर आला होता, हे त्याला माहीत नव्हते. मला माहीत होते. या वर्षी पिशवी आली नाही.

हे मी आपण होऊन कधी सांगितले असते, असे मला वाटत नाही. सांगण्याची वेळ आली ती एका आजारामुळे आणि त्यावर मोबाईलवरून घेतलेल्या उपचारामुळे. आणि तीही त्या उपचारात मी लबाडी करत असताना.

मी रोह्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनांच्या कंपनीत तीस वर्षे आहे. त्यातली गेली दहा वर्षे शिफ्टचा प्रमुख होतो. दोन वर्षांपूर्वी असे होऊ लागले की सुट्टीच्या दिवशी जेवताना, दाढी करताना, मला एकाएकी वाटे, तिकडे काहीतरी तापते आहे आणि कोणाचे लक्ष नाही. मग मी कंट्रोल रूमला फोन लावून एकेका रिअ‍ॅक्टरचे तापमान विचारी. सगळे ठीक आहे असे ऐकले की छातीतला पीळ सुटे, आणि अर्ध्या तासाने पुन्हा बसे. एकदा फोन उचलणाऱ्याने रिसीव्हर नीट न झाकताच मागे हाळी दिली, “हवामान खात्याचा फोन हाय रे!” मागे तिघेचौघे हसले. मीही हसलो, आणि तापमान विचारलेच.

घरात हेच गॅसच्या बटणाचे होई. झोपण्याआधी, बाहेर पडताना, परत येऊन, मी ते हात लावून पाही. पत्नी म्हणे, “अहो, किती वेळा बघाल? दृष्ट लागंल त्या गॅसला.” ती हमरापूरची. तिच्या माहेरच्या कारखान्यातल्या गणपतीच्या मूर्ती आमच्या पडवीत येतात आणि ती त्यांचे डोळे आखते. आखणीच्या वेळी ती श्वाससुद्धा मोजून घेते. त्यामुळे घरातल्या माझ्या येरझारांचा तिला खरोखर त्रास होत असणार. तिने तो थट्टेवर नेला. थट्टा मला सोयीची होती. थट्टा चालली आहे तोवर कोणी कारण विचारत नाही.

पुढे एका सकाळी पहिल्या शिफ्टला जाताना, नागोठण्याच्या पुलावर, बसमध्ये माझा श्वास अडकला. हाताच्या बोटांना मुंग्या आल्या, आणि आपण आता मरतो याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका राहिली नाही. दवाखान्यात कार्डिओग्राम काढला. डॉक्टर म्हणाले, “हृदय माझ्यापेक्षा चांगलं आहे तुमचं. हा चिंतेचा आजार आहे. थोड्या गोळ्या देतो, पण बोलून करायचा उपचारही घ्या.” त्या उपचाराला त्यांनी सीबीटी म्हटले: आपले विचार आणि त्यांच्यापायी आपण करतो त्या कृती तपासून हळूहळू बदलण्याची पद्धत.

पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलीने दोन दिवसांत सगळी व्यवस्था केली. “बाबा, दहा आठवड्यांचा कार्यक्रम आहे. मोबाईलवरच होतो. पेणमध्ये कोणाला कळणारही नाही.” यातल्या शेवटच्या वाक्याने मी तयार झालो, हे आज कबूल केले पाहिजे. बरे होण्यापेक्षा न कळण्याची मला अधिक ओढ होती, आणि ती जुनी होती.

गुरुवार माझा सुट्टीचा वार. सकाळी अकराला मी स्वयंपाकघरात, फ्रीजच्या शेजारी खुर्ची ओढून बसे. घरात रेंज तिथेच नीट येते. पडद्यावर पस्तिशीच्या एक समुपदेशक बाई येत. मागे कोरी भिंत, नाकावर चष्मा, आणि बोलणे असे की समोरच्याला घाई वाटू नये. पहिल्याच भेटीत त्यांनी मला एक तक्ता समजावला. मोबाईलमध्येच तो रोज भरायचा: प्रसंग काय, मनात विचार काय आला, भीती शंभरपैकी किती, त्या विचाराच्या बाजूचा पुरावा, विरुद्ध बाजूचा पुरावा, आणि दोन्ही पाहून निघणारा तोललेला विचार.

“भीती वाटली की मन एक भाकीत करतं,” त्या म्हणाल्या. “तुम्ही लगेच फोन करता, त्यामुळे ते भाकीत खरं होतं की खोटं, हे तुम्ही कधी बघतच नाही. या गुरुवारी फोन करायचा नाही. दर पंधरा मिनिटांनी भीतीचा आकडा तेवढा लिहायचा. तो आपोआप उतरतो का, ते बघायचं.”

त्या दिवशी दुपारी मी घड्याळ समोर घेऊन बसलो. पंधराव्या मिनिटाला आकडा नव्वद होता. एकोणिसाव्या मिनिटाला मी फोन केला.

आणि मग तक्त्यात भरले: ऐंशी, सत्तर, साठ, पंचेचाळीस. फोन केला नाही.

हे मी का केले, ते समजावे म्हणून कारखान्याची एक रीत सांगितली पाहिजे. आमच्या जुन्या रिअ‍ॅक्टरचा तापमापक तिसऱ्या मजल्यावर होता. दर तासाला लोखंडी जिन्याने वर जायचे, काटा पाहायचा, खाली येऊन लॉगशीटवर आकडा लिहायचा, अशी पद्धत. पण चांगली चालू असलेली बॅच तासातासाला बदलत नाही. म्हणून जुने लोक नव्यांना एक शहाणपण शिकवीत: मागचा आकडा पाहा, त्यात एखादी डिग्री इकडेतिकडे कर, आणि बसल्या जागी लिही. याला आमच्यात ‘टेबल रीडिंग’ म्हणत. त्याची कोणाला लाज नव्हती. उलट ज्याची लॉगशीट सरळ आणि स्वच्छ, तो चांगला ऑपरेटर. माझी लॉगशीट सगळ्यांत स्वच्छ असे.

अकरा वर्षांपूर्वी पहिल्या शिफ्टला आम्ही दोघे त्या रिअ‍ॅक्टरवर होतो. तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणे. कामाची वाटणी ठरलेली होती: वाफ आणि नमुना त्याच्याकडे, वाचने माझ्याकडे. बॅच बासष्ट डिग्रीला आली, तेव्हा नऊ वाजता त्याने वाफेचा व्हॉल्व्ह बंद केला. तो व्हॉल्व्ह आतून झिजलेला होता. बंद करूनही त्यातून वाफ झिरपत राहिली आणि माल हळूहळू तापत गेला. दहा वाजता मी वर गेलो असतो, तर ते काट्यावर दिसले असते. अकराला गेलो असतो, तर नक्कीच दिसले असते. मी दोन्ही वेळा बासष्ट लिहिले. त्या दिवशी कोणीतरी घरून बटाटेवडे आणले होते आणि ते गरम होते. याहून मोठे कारण माझ्याजवळ नाही.

साडेअकराला दादा नमुना घ्यायला वर गेला. त्याने नळ उघडला आणि उकळता माल त्याच्या उजव्या हातावर आला.

चौकशीत माझी लॉगशीट सर्वांपुढे ठेवली गेली. अकरा वाजता बासष्ट. मग अर्ध्या तासात एवढे तापले कसे? कोणीतरी वाफ उघडली असली तरच. आणि त्या वेळी वर कोण होते? मला विचारले, “वाचनं तुम्हीच घेतलीत ना?” मी हो म्हणालो. तेवढे एक अक्षर. दादाला विचारले, तेव्हा तो बँडेजमधला हात मांडीवर ठेवून म्हणाला, “मी तर बंद केलाता. पन चुकून उघडला असंल. काय सांगू?” त्याच्या नोकरीच्या नोंदीत हलगर्जीपणाचा ठपका लागला. त्याला गोदामात टाकले. वर्षभरात तो नोकरी सोडून भातशेती आणि वालांच्या मागे लागला. त्याच वर्षी मी शिफ्टचा प्रमुख झालो.

अपघातानंतर दोन महिन्यांनी तो व्हॉल्व्ह बदलला. उघडून टेबलावर ठेवलेला मी पाहिला. आतली कड उंदराने कुरतडल्यासारखी झाली होती. तोवर मी स्वतःला सांगत होतो की कदाचित दादाची चूक असेलही. त्यानंतर तसे सांगता येईना, म्हणून सांगणेच थांबवले.

उपचाराच्या तक्त्याशी मी तसाच वागलो. आठवडाभर तो उघडायचा नाही, आणि बुधवारी सकाळी पोहे खाता खाता सात दिवसांचे आकडे भरायचे. ते सुंदर उतरत. एका बुधवारी पत्नी रंगाची वाटी धुवायला आत आली आणि माझ्या खांद्यावरून डोकावली.

“हे रोजचं रोज भरायचा ना?”

“भरतोच आहे.”

“सोमवारचा आज? सोमवारी किती भीती वाटली ते आज बरा आठवला तुम्हाला.” वाटी खळखळवत ती म्हणाली, “मी एका बैठकीत सात गणपतींचे डोळे काढले, तर भाऊ माझा मूर्ती परत धाडील.”

मी तिला म्हणालो की हे तिला समजायचे नाही. माझ्या आवाजात धार नव्हती. माझा आवाज कधीच चढत नाही, आणि त्यामुळे माझे खोटे खपून जाते, हे मला फार उशिरा कळले.

सातव्या भेटीत बाईंनी पडद्यावर माझा आलेख दाखवला. नव्वदपासून वीसपर्यंत जिन्याच्या कठड्यासारखी उतरती रेघ. “खूप छान प्रगती आहे,” त्या म्हणाल्या. “फक्त एवढं सरळ सहसा कोणाचं उतरत नाही. मध्ये एखादा वाईट दिवस असतोच. तुमचा आला नाही?” मी नाही म्हणालो. “मग पुढच्या दोन भेटींत आपण समारोपाकडे जाऊ.”

दुसऱ्या दिवशी बस नागोठण्याच्या पुलाजवळ आली आणि माझा श्वास पुन्हा अडकला. मी ड्रायव्हरला पोट बिघडल्याचे सांगून उतरलो. रस्त्याच्या कडेला एका बंद टपरीच्या फळीवर बसलो, शर्ट घामाने भिजलेला, आणि सवयीने मोबाईल काढून त्या सकाळचा आकडा भरला: वीस.

तो आकडा बोटाखालून पुढे सरकला आणि मला बासष्ट दिसले. मी तोच माणूस तेच करत होतो. फरक एवढाच की या वेळी तापणारा माल मी स्वतः होतो, आणि माझ्या स्वच्छ नोंदीवर विश्वास ठेवून एक भली बाई मला निरोगी ठरवू पाहत होती. दादालाही अशाच नोंदीने दोषी ठरवले होते.

पुढच्या गुरुवारी मी म्हणालो, “बाई, मी पाठवलेले आकडे खरे नाहीत.”

“कुठले?”

“सगळे. पहिल्या आठवड्यापासून.”

त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला, आणि त्यांना किंचित हसू आले. “मग मी सात आठवडे उपचार कोणावर करत होते?”

त्यांनी माझे तक्ते उघडले. “एक गोष्ट माझ्याही लक्षात यायला हवी होती. विचार रोज एकच: माझ्यामुळे कोणाला तरी इजा होईल. आणि ‘विचाराच्या बाजूचा पुरावा’ हा रकाना रोज रिकामा. मला वाटलं, पुरावाच नाही तुमच्याकडे.”

“पुरावा आहे,” मी म्हणालो, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा ते सगळे मोठ्याने सांगितले. पलीकडे पडवीत पत्नी होती, म्हणून फ्रीजकडे तोंड करून सांगितले.

त्या शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “यातल्या दोन गोष्टी वेगळ्या करू या. आत्ता या क्षणी कारखान्यात काहीतरी तापतंय, हे भाकीत आहे. ते तपासता येतं, आणि ते काम आपण पुन्हा पहिल्यापासून करू. पण तुमच्यामुळे एकाचा हात भाजला, हे भाकीत नाही. ते घडलंय. ते खोटं ठरवून देणारा उपचार माझ्याकडे नाही.”

“मी त्याला जाऊन सांगू का?”

“ते मी ठरवू शकत नाही. जाणार असाल, तर आधी एवढा विचार करा: तुम्हाला हलकं वाटावं म्हणून जाताय, की त्यांचं काही तुमच्याकडे राहिलंय ते द्यायला?”

हा प्रश्न मी कागदावर लिहून घेतला. महिनाभर तो पाकिटात होता. प्रामाणिक उत्तर दोन्ही बाजूंचे होते आणि त्यातली पहिली बाजू जड होती.

पत्नीला सांगितले तेव्हा ती एका मूर्तीच्या डाव्या डोळ्यावर होती. मी बोलत असताना तिने हात हलू दिला नाही. डोळा पुरा करून ब्रश पाण्यात ठेवला.

“इतकी वर्षं मी ते वाल भिजवले, मोड आणले, एकेक दाणा सोलला,” ती म्हणाली. “आणि तुम्ही बिरडं ताटात बाजूला सारायचात. मला वाटायचा, तुम्हाला पित्त होतंय.”

मी विचारले, “तू येशील माझ्याबरोबर?”

“नाय. मी आले की माझ्या तोंडाकडे बघून ते तुम्हाला काही बोलायचे नायत. ते बोलणं टाळायला मला नेताय.” ती खरे बोलत होती.

म्हणून माघ सरता सरता एका गुरुवारी मी एकटाच एसटीने निघालो. बाईंनी सांगितल्याप्रमाणे तक्ता उघडा ठेवला होता आणि या वेळी काटा पाहूनच लिहीत होतो. रामवाडी, सत्तर. वडखळ, पंचाहत्तर. नागोठण्याचा पूल, पंचाण्णव. उतरलो नाही. पूल मागे गेला तरी पंचाण्णवच. हा आकडा लिहिताना मला वाईट वाटले, कारण तो खाली येत नव्हता आणि मला तो खाली आणता येत नव्हता.

दादा खळ्यावर होता. वालाच्या वाळलेल्या वेलांचा ढीग पुढ्यात, आणि तो डाव्या हाताने काठी चालवत होता. उजव्या हाताची बोटे पुरती मिटत नाहीत. वहिनी सुपाने पाखडत होत्या. मला पाहताच तो ओरडला, “साहेब! आज वाट चुकलास का काय? का कंपनी बुडाली?”

“सुट्टी आहे, दादा.”

“मग तापमान विचारलास का नाय फोन करून?” आणि तो मनापासून हसला. हवामान खात्याची कीर्ती त्याच्या गावापर्यंत पोहोचली होती. “गो, चहा टाक. साहेबाला गूळ चालतो.”

वहिनी खळ्याच्या कडेच्या चुलीवर आधण ठेवून परत आल्या. मला वाटले, चहा झाल्यावर बोलू. मग वाटले, यांचा चहा पिऊन बोलणे ही आणखी एक लबाडी होईल. मी उभ्यानेच म्हणालो, “दादा, त्या दिवशी दहाचं आणि अकराचं तापमान मी पाहिलंच नव्हतं. वर गेलोच नाही. बासष्ट हा आकडा टेबलावर बसून लिहिला.”

त्याने दोन-तीन वेळा काठी मारली, आणि मग ती थांबली.

“मग वाफ?”

“वाफ तू बंद केली होतीस. व्हॉल्व्ह झिजलेला होता. बदलला, तेव्हा मी डोळ्यांनी पाहिला.”

“कधी बदलला?”

“दोन महिन्यांनी.”

“म्हंजे तुला दोन महिन्यांनी कळला,” तो सावकाश म्हणाला. “आनि मला आज.”

मी मान हलवली. मला वाटले होते तो शिव्या देईल, काठी उगारील. त्यासाठी मी मन तयार केले होते. त्याने माझ्याकडे पाहिलेच नाही. तो वहिनींकडे वळला.

“गो, ऐकलास काय? मी बंद केलाता. बंदच केलाता मी.”

वहिनींनी सूप खाली ठेवले. त्या माझ्याशी बोलल्या, पण नजर त्याच्यावर होती. “भावोजी, तुमाला एक सांगू? हा मानूस अकरा वर्षं पंपाचा बटन दाबून घरी येतो, आनि मग मला बघायला धाडतो. बंद झाला का नाय. गॅस तसाच. दाराची कडी तशीच. बोलतो, माझ्या हाताचा भरवसा नाय. पोरीच्या लग्नात अक्षता टाकायच्या टायमाला मला घरी धाडलान, चूल बघायला.”

माझ्या हातून त्याचा हात भाजला, एवढाच हिशेब मी अकरा वर्षे धरला होता. त्या वाक्यासरशी कळले की हात हा त्यातला लहान भाग होता. मला जो आजार झाला तोच त्याला झाला होता. माझा मी केलेल्या गोष्टीमुळे, त्याचा त्याने न केलेल्या गोष्टीमुळे. आणि माझ्यासाठी निदान डॉक्टर होता, मुलगी होती, मोबाईलवरच्या बाई होत्या. त्याच्यासाठी फक्त पंपाकडे जाणारी त्याची बायको होती.

“मलाही तेच होतं, वहिनी,” मी म्हणालो. “मी त्यावर मोबाईलवरून उपचार घेतोय. एक बाई आहेत.”

“मोबाईलवर?” वहिनी म्हणाल्या. “आनि सांगितलानी काय, इकडे येऊन हे सांगा म्हनून?”

“नाही. ते त्यांनी माझ्यावर सोडलं.”

“मग बरी हाय बाई.” त्या आत गेल्या आणि एक वही व पेन घेऊन आल्या. “हे लिवून द्या. तोंडी नको. तोंडी ह्यांनीपन सांगितला होता तेव्हा, मी बंद केला म्हनून.”

मी खळ्याच्या कडेला दगडावर बसून लिहिले. काय घडले ते सगळे, तारखेसह. शेवटी त्या दिवशीच्या लॉगशीटची दुरुस्ती केली: सकाळी दहा, वाचन घेतले नाही. सकाळी अकरा, वाचन घेतले नाही. खाली सही. दादाने कागद दोनदा वाचला, डाव्या हाताने घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला.

“ह्याचा काय करायचा ते मी बघीन,” तो म्हणाला. “तू आता जा.”

चुलीवर चहा उकळून आटत चालला होता. तो कोणी उतरवला नाही. परतीच्या बसमध्ये मी आकडा पाहिला: ऐंशी. पेण येईपर्यंत ऐंशीच राहिला. मी तसाच लिहिला.

दुसऱ्या दिवशी त्याच मजकुराची प्रत मी व्यवस्थापकांना दिली आणि दादाच्या नोंदीतला ठपका काढावा अशी विनंती केली. त्यांनी ती वाचून खिडकीकडे पाहिले. “इतक्या वर्षांनी हे उकरून कोणाचं भलं होणार?” मी म्हणालो, “ज्याच्या नोंदीत आहे त्याचं.” निर्णय अजून झालेला नाही. तो होईपर्यंत मला शिफ्टवरून काढून कार्यालयात जुन्या फायली लावायला बसवले आहे. कंट्रोल रूममधले आता माझी थट्टा करत नाहीत. मी आत गेलो की बोलणे थांबते. थट्टा बरी होती.

उपचार पुन्हा पहिल्या पायरीपासून चालू आहे. सुट्टीच्या दिवशी फोन न करता मी आता दोन तास काढतो. कधी जमत नाही, आणि तेही लिहितो. आलेख वेडावाकडा आहे. शिमगा आला आणि गेला. रामवाडीच्या थांब्यावर ड्रायव्हर मला पाहून नुसती मान हलवतो.

गेल्या आठवड्यात दुपारी दादाचा फोन आला. त्याने ‘साहेब’ म्हटले नाही.

“माफ केलाय म्हनून फोन नाय केला,” तो म्हणाला. “ते मला जमंल असा वाटत नाय.”

“बरं, दादा.”

“कागद काढून रोज वाचतो. बंद केलाता मी, लिवलेला हाय. तरी काल पंप बंद केला आनि हिला धाडली बघायला.” मागे पाखडण्याचा आवाज येत होता. “ती तुझी मोबाईलवरची बाई. ती हाताचा भरवसा देते काय परत?”

“माहीत नाही. माझं अजून पुरतं गेलेलं नाही.”

“नंबर दे.”

मी दिला. तो मागे वहिनींना एकेक आकडा सांगत होता आणि त्या लिहून घेत होत्या. मी म्हणालो, “दादा, रोज तक्ता भरावा लागतो. आकडा असेल तसाच भरायचा.”

“ती खोड तुझी,” तो म्हणाला, “माझी नव्हं,” आणि त्याने फोन ठेवला.